१३७६२८ नंबरचा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे, आणि देखणा मी कधीच नव्हतो. कोणीतरी ठोसा मारून आत ढकलावं तसं माझं नाक बसकं आहे. इंजिनाला पुढे जागा उरली नाही म्हणून ते दोन सीटांच्या मधोमध बसवलं, त्यामुळे मला चालवणाऱ्याची डावी मांडी बाराही महिने भाजते. पुढची काच उलटी कलती आहे. वरून जाणाऱ्या विमानाला ती उन्हात चमकताना दिसू नये, म्हणून ही सोय. माझे सुटे भाग कॅनडातून लाकडी पेट्यांत भरून आले आणि ऑस्ट्रेलियात जोडले गेले. म्हणजे जन्म एका देशात झाला आणि बारसं दुसऱ्या देशात. बारसं म्हणजे तरी काय, दारावर पांढऱ्या रंगात एक नंबर रंगवला. १३७६२८. सैन्यात ट्रकला तेवढंच नाव मिळतं.

आता तुम्ही विचाराल, दुसऱ्या महायुद्धात काय पराक्रम केलास? सांगायला लाज वाटते, पण मी बटाटे वाहिले. बटाटे, कांदे, पिठाची पोती. रेल्वेच्या थांब्यापासून छावणीच्या कोठारापर्यंत चार मैल जायचं आणि चार मैल परत यायचं. माझ्याबरोबर जोडलेले कितीतरी ट्रक उत्तरेच्या तांबड्या धुळीतून हजार हजार मैल गेले. त्यातले काही परत आलेच नाहीत. मला मात्र तीन वर्षांत एक ओरखडा उठला, तोही कांद्याच्या गाडीला घासून.

युद्ध संपलं आणि आम्हा शेकडो ट्रकांना एका माळावर ओळीने उभं करून विकायला काढलं. तिथे क्लेम ट्रेगेन्झा आला. कारिल्टा गावचा गव्हाचा शेतकरी, नुकताच सैन्यातून सुटलेला, काटकुळा. तो सकाळपासून प्रत्येक ट्रकचा दरवाजा बघत फिरत होता. दुपारी माझ्यासमोर थांबला, टोपी मागे सरकवली आणि सोबतच्या माणसांना म्हणाला, "हाच तो. उत्तरेत मी हाच चालवत होतो."

मी मनात म्हटलं, भल्या माणसा, चुकतोयस. पण ट्रकला तोंड कुठे असतं?

घरी नेल्याबरोबर, घोटभर चहाही न घेता, त्याने फाटकाचा उरलेला राखाडी रंग माझ्या दारांवर फासून टाकला. इतकी कसली घाई, मला कळेना. मग डावी सीट उचलून तिच्या तळाच्या पत्र्यावर खिळ्याने बराच वेळ काहीतरी कोरलं. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. स्वतःच्या पाठीवर लिहिलेलं कोणाला वाचता येतं? शेवटी त्याने ती सीट चारी बाजूंनी रिव्हेट ठोकून पक्की केली आणि घरात सांगून ठेवलं, "डाव्या सीटला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मिसेस हॉस्किन आल्या. त्यांचा मुलगा विन उत्तरेत क्लेमचा जोडीदार होता. तो तिकडेच तापाने, झोपेतच गेला, असं क्लेमने त्यांना सांगितलं होतं. बाई टोपी, हातमोजे घालून आल्या होत्या. डाव्या सीटवर चढून बसल्या आणि विचारलं, "इथेच बसायचा ना रे तो?"

"इथेच," क्लेम म्हणाला. तो बाहेर उन्हात टोपी काढून उभा होता.

पुढे बावीस वर्षं, दर एप्रिलच्या पंचवीस तारखेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, बाई यायच्या. पाच मिनिटं बसायच्या, सीट थोपटायच्या आणि जायच्या. दर वेळी मला चोरट्यासारखं व्हायचं. त्यांचं थोपटणं खरं दुसऱ्याच ट्रकच्या सीटसाठी होतं, असं मला वाटायचं. बटाटेवाला मी, आणि मान कोणाचा घेत होतो!

म्हणून मी काम मात्र कधी चुकवलं नाही. गहू वाहिला, मेंढ्या वाहिल्या. गावाने पाठीवर पाण्याची टाकी बसवून मला लाल रंग दिला, तेव्हा वणवेही विझवले. एकदा शाळेच्या कुंपणापर्यंत आग आली होती. क्लेमने मला धुरात असा घातला की पुढच्या चाकांचं रबर वितळायला लागलं, पण शाळा वाचली. गावाने टाळ्या वाजवल्या. क्लेमने माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाला, "चालेल."

हा त्याचा शब्द तुम्हाला सांगायलाच हवा. क्लेम कधी कोणाचं कौतुक करायचा नाही. गव्हाचं पीक कमरेपर्यंत आलं तरी म्हणायचा, "चालेल." त्याची मुलगी ग्लेनिस जन्मली, दाईने बाळ हातात दिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणाला होता, "चालेल." त्याच्यापाशी त्याहून मोठा शब्द नव्हता.

पुढे नवे बंब आले. मिसेस हॉस्किन वारल्या. मला रानमिरीच्या डेरेदार झाडाखाली उभं केलं आणि मी तिथेच राहिलो. इंजिनात पाणी शिरून ते जाम झालं. उंदरांनी तारा खाल्ल्या. गवत माझ्या पायरीपर्यंत वाढलं. क्लेम मात्र पबमध्ये माझ्या उत्तरेच्या गोष्टी सांगतच राहिला, आणि त्या थापा समजून लोक त्याची खेचत राहिले.

"हो क्लेम, आणि तुझ्या मेंढ्यापण परेडला होत्या ना तिकडे?"

म्हातारपणी तो मुलांची नावं विसरला, पण उत्तरेतल्या त्या ट्रकचा नंबर विसरला नाही. १३७६१४. इस्पितळात नर्सने नाव विचारलं तरी तोच सांगायचा.

तो गेला, त्या दिवशी घरी जमलेल्या लोकांत कोणीतरी पुन्हा तीच मेंढ्यांची गंमत केली. क्लेमचा मुलगा रॉससुद्धा हसला. ग्लेनिस हसली नाही. ती तेव्हा पन्नाशीची होती, पंचवीस वर्षं शाळेची बस चालवून मनगटं तयार झालेली बाई. हातातली लॅमिंग्टन केकची बशी तिने टेबलावर आपटली.

"पुढच्या पंचवीस एप्रिलला बाबांचा ट्रक मिरवणुकीत चालणार. दारावर बाबांचा नंबर घालून. मग बघते कोण हसतं ते."

"ताई, त्यात साळुंक्या राहतात," रॉस म्हणाला.

"त्यांना नोटीस दे."

आणि तिने चंग बांधला. मदतीला आला हॉर्स्ट नोस्के, मळणीयंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला सत्तरीचा म्हातारा. तोच जुन्या लष्करी गाड्यांच्या मंडळाचा चिटणीस होता. या मंडळातली माणसं एरवी मनमिळाऊ, पण एका बाबतीत फार कडक. गाडीवर तिचा स्वतःचाच नंबर हवा. दुसऱ्या गाडीचा नंबर रंगवणं म्हणजे त्यांच्या लेखी मेलेल्या माणसाची पदकं छातीवर लावणं.

"क्लेम माझा मित्र होता, पोरी," हॉर्स्ट म्हणाला, "पण नंबर जुन्या रंगाखाली सापडला पाहिजे. तोंडी सांगितलेला मी मानणार नाही."

"सापडेल."

"रंग वाळूच्या फवाऱ्याने खरवडायचा नाही हं. सगळंच उडून जाईल. पाणी, बारीक कागद आणि धीर."

"धीर सोडून बाकी सगळं आहे माझ्याकडे. कागद दे."

आधी त्यांनी माझ्या इंजिनात तेल ओतून ठेवलं. रोज पहार लावून ग्लेनिस ते हलवू बघायची आणि रोज ते तिला दाद द्यायचं नाही. सात आठवडे हा प्रकार चालला. ती घामाघूम व्हायची, मला नाही नाही त्या शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आठव्या आठवड्यात माझ्या पोटात काहीतरी केसभर सरकलं. ग्लेनिस तिथेच मातीत बसली आणि हसत सुटली. माझ्याही जिवात जीव आला.

नंबराचं काम मार्चमध्ये निघालं. हॉर्स्टबरोबर रॉसही बघायला आला होता. ग्लेनिस ओला कागद गोल गोल फिरवत होती. लाल रंग गेला. खाली राखाडी लागला. तोही विरळ झाला, आणि लष्करी हिरव्यावर पांढरा आकडा दिसला. एक. मग तीन. मग सात.

"ताई, येतोय गं!" रॉस ओरडला.

सहा आला, तेव्हा ग्लेनिसने कागद पुन्हा पाण्यात बुडवून घेतला. मित्रांनो, त्या क्षणी मला पळता आलं असतं तर मी पळालो असतो. पन्नास वर्षं लपलेली माझी लबाडी आता उघडी पडणार होती.

पाचवा आकडा आला. दोन. आणि त्याच्यामागे आठ.

ग्लेनिस कागद हातात धरून मागे सरकली. मग रॉसच बोलला, आणि वडिलांना हसणारा तो माणूस इतक्या हळू बोलला की मला आश्चर्य वाटलं.

"ब्रश आण. दोनाचा एक करायचा आणि आठाचा चार. कोणाला कळणारे? हॉर्स्ट, तू आज इथे आलाच नव्हतास."

हॉर्स्टने चष्मा काढला आणि पुसत बसला.

"नको," ग्लेनिस म्हणाली. "खोटं रंगवून बाबांना खरं नाही करायचं मला." तिने कागद बादलीत टाकला आणि ती निघून गेली.

तीन दिवस ती फिरकली नाही. मी अर्धवट खरवडलेला, दारावर स्वतःचा नंबर घेऊन उभा होतो. वाटलं, संपलं. माझ्यावर झालेली माया दुसऱ्याची होती, ती आता परत घेतली जाणार.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली. हातात थर्मास आणि पान्यांची पेटी. माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे बघ, तू तो नाहीस. कळलं मला. पण शाळेला आग लागली तेव्हा आत मी होते, आणि धुरातून आलास तो तूच. तुला असा उघडा टाकून जायची नाही मी. तुझ्या नंबरानेच चालशील. बाबांना हसायचं तर हसू देत लोकांना, मी बाजूला बसून ऐकेन."

त्या दिवसापासून तिने दुप्पट जोमाने काम केलं. ब्रेक झाले, तारा झाल्या, केबिनवरचं नवं ताडपत्रीचं छत शिवून झालं. उरल्या सीटा. उजवी निघाली. डावीपाशी ती थबकली. वडिलांचा नियम तिने कधी मोडला नव्हता.

"खाली गंज असेल," हॉर्स्ट म्हणाला. "रस्त्यावर कोणी बसलं आणि तळ निखळला तर?"

ग्लेनिसने छिन्नी लावून एकेक रिव्हेट उडवलं. सीट उलटी केली. तळाचा पत्रा कापडाने पुसला. मग तिने हॉर्स्टच्या हातातला चष्मा ओढून घेऊन नाकावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, तेव्हा पन्नास वर्षांनी मला कळलं की माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं.

"१३७६१४ जळाला. विन आत होता. मला त्याला काढता आलं नाही. त्याच्या आईला हे कधी सांगणार नाही. तिला बसायला सीट हवी. हा ट्रक तो नव्हे, पण चालेल. क्लेम."

ग्लेनिसने ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग ती पायरीवर बसली आणि तिने तोंड हातांत लपवलं. हॉर्स्टने टोपी काढली.

"त्याला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पबमध्ये इतकी वर्षं आमचं ऐकून घेतलं गाढवाने. एका शब्दाने बोलला नाही."

माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच विचार करा. तो चुकला नव्हता. शेकडो ट्रकांत हिंडून, माझा नंबर वाचून, त्याने मलाच निवडलं होतं. आणि मिसेस हॉस्किन दर वर्षी थोपटायच्या ती सीट त्यांच्यासाठीच होती. माझं युद्धातलं मोठं काम युद्ध संपल्यावर सुरू झालं होतं आणि मी ते बावीस वर्षं न कळता करत होतो.

पंचवीस एप्रिलला मी चाललो. लष्करी हिरवा रंग, दारावर ताजा पांढरा १३७६२८. ग्लेनिसने मनगटाच्या एका झटक्यात माझा गिअर बदलला, करकर न करता, जसा क्लेम बदलायचा. डाव्या सीटवर कोण बसणार, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. शेवटी त्या सीटवर, मिसेस हॉस्किन घालायच्या तसल्या हातमोज्यांची एक जोडी ठेवली, आणि रॉस मागे उघड्यावर उभा राहिला. पबच्या दाराशी माणसं उभी होती. हॉर्स्टने आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन पत्र्यावरचं सगळं सांगितलं होतं. मेंढ्यांची गंमत करणाऱ्यांनी आम्ही जवळ येताच टोप्या काढल्या. कोणी हसलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा रंग काढायचाच असेल तर हळू काढा. पाणी घ्या, बारीक कागद घ्या, धीर नसला तर उसना आणा. आणि नाव चुकीचं निघालं म्हणून हात झटकून जाऊ नका, अजून एखादी सीट उचलायची राहिली असेल.

मिरवणूक संपली. हॉर्स्ट खिडकीशी आला आणि त्याने विचारलं, "कसा आहे गं गडी?"

ग्लेनिसने इंजिन बंद केलं. तिची डावी मांडी चांगलीच भाजली होती. तिने माझ्या दारावर, नेमका नंबरावर, हात ठेवला.

"चालेल," ती म्हणाली.