डाव्या पायावरचा रंग

मित्रांनो, मी एका चित्रकाराची जुनी लाकडी तिवई आहे. चित्र टेकवून रंगवायचे हे साधन, त्याला ईझल म्हणतात. माझ्याजवळ सोमवारपर्यंतच वेळ आहे, म्हणून फापटपसारा न लावता सांगते.

मला एका सुताराने घडवले. पाय दुमडावेत म्हणून तिन्हींना पितळी बिजागऱ्या ठोकल्या, पाठीला लावायला चामड्याचा पट्टा दिला. माझे मालक घरात बसून रंगवणारे नव्हते. मला पाठीवर टाकून ते नदीकाठी, धुक्यात, कुठेही जात आणि समोरचा उजेड पळून जायच्या आत चित्र उरकत. अशांना पुढे लोक इम्प्रेशनिस्ट म्हणू लागले. तेव्हा वेडे म्हणत. पहिल्या प्रदर्शनात एक शहाणा चित्रापुढे उभा राहून म्हणाला, “हे चित्र टांगलंय, की ब्रश पुसायचं फडकं?” सगळे हसले.

खरे तर फडके मीच होते. चित्रकार उजव्या हाताने रंगवायचे आणि ब्रश माझ्या उजव्या पायावर पुसायचे. बायको करवादायची, “अहो, धुतलेलं फडकं खिशात कोंबलंय ना तुमच्या? तिचा पाय का माखताय?”

“फडकं शोधेपर्यंत ऊन जातं. तू थांबवतेस का त्याला?”

“मी तुम्हालाच थांबवू शकले नाही, उन्हाचं काय घेऊन बसलात.”

पंचवीस वर्षांत माझ्या उजव्या पायावर रंगांचे बोटभर जाड कवच चढले. माझा डावा पाय मात्र कोरा होता.

मग चित्रकारांची नजर गेली. त्यांना नुसती पांढुरकी साय दिसायची. एका सकाळी तळ्याकाठी ते ब्रश धरून तसेच उभे राहिले.

“पाणी कसं दिसतंय गं?”

“जांभळं. कडेला जरा हिरवट.”

“लाव मग तूच. माझ्याच्यानं आता होत नाही.”

तिने ब्रश घेतला. ती डावरी होती. पहिला फटकारा मारला, रंग बदलायला फडके शोधले, सापडेना, ऊन तर पळत होते. तिने ब्रश माझ्या डाव्या पायावर पुसला आणि स्वतःशीच हसली.

मित्रांनो, तळ्याची बारा चित्रे तिची आहेत. सात वर्षे ती रंगवत होती आणि चित्रकार शेजारी खुर्चीत, तोंडावर ऊन घेऊन बसत. चित्र पुरे झाले की ती त्यांचा हात धरून कोपऱ्यात सही करवून घ्यायची. “तुझं नाव घाल की,” ते म्हणायचे. “माझ्या नावानं कोण विकत घेतंय?” ती म्हणायची. खरेच होते ते. तिने कुठे लिहून ठेवले नाही, कुणी विचारले नाही. साक्षीदार एकच, माझा डावा पाय.

दोघे गेल्यावर मी माळ्यावर पडले. माझ्यावर ओले कपडेही वाळत घातले लोकांनी. पुढे चित्रांना भाव आला, घराचे संग्रहालय झाले आणि मला भोवती दोरी लावून उभे केले. इथल्या गाइडताई बावीस वर्षे पाहुण्यांना हे घर दाखवतात. माझ्यापाशी आल्या की त्या थांबून सांगतात. “डोळे गेले, तरी एकट्यानं बारा चित्रं रंगवली. बायको बिचारी घर सांभाळायची.”

गेल्या आठवड्यात शाळेची मुले आली. दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारले, “ते डावरे होते का?”

“नाही बाळ, उजवेच. तो फोटो बघ.”

“मग डाव्या पायाला एवढा रंग कसा? मी डावरी आहे. माझा पण डावीकडेच लागतो.”

“उडाला असेल. चला, पुढची खोली.”

मुले मला घाणेरडी म्हणून हसली, ते संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी पटाशी घेऊन सुतार हजर. उजवा पाय त्याने तासून कोरा केला. मग हाक मारली, “ताई, डावा पण काढू का? यावरचा रंग त्या तळ्याच्या चित्रांसारखाच दिसतोय. सगळा तोच.”

गाइडताई वाकल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी माझा पाय पाहिला, भिंतीवरचे तळे पाहिले, त्या फोटोत नवऱ्याशेजारी डाव्या हातात किटली धरलेली बायको पाहिली, पुन्हा पाय पाहिला. त्यांना कळले, मित्रांनो. चेहरा पडला त्यांचा. मला वाटले, आता तरी बाई बोलेल.

“काढा,” त्या म्हणाल्या. “वरून तसंच सांगितलंय.”

आता मी चकाचक आहे. गाइडताई अजून तेच सांगतात, फक्त ‘एकट्यानं’ म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

डाव्या बिजागरीमागे पटाशी पोचली नाही. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका उरला आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा सुतार नव्या बिजागऱ्या बसवायला येणार आहे.

मला सांभाळा असे मी म्हणणार नाही. पॉलिश लावून सांभाळलेच आहे मला, त्यातच तर सगळे गेले. रविवारपर्यंत या. दोरीखालून वाका, गुडघे टेका, ठिपका बघा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा, इथे ब्रश कुणी पुसला? उडाला असेल म्हणाले, तर पुढच्या खोलीत जाऊ नका.