लोणीफळाला जाळ

अंबाजी अकरा महिन्यांनी बोटीवरून घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत आईला तपकिरीची डबी, बायकोला लुगडं, वहिनीला साबणाच्या दोन वड्या, असं ज्याचं त्याला होतं. शिवाय एका टोपलीत भुशात पुरलेली सहा हिरवी फळं होती. ती कुणाच्याच नावाची नव्हती, म्हणून सगळं घर त्यांच्याभोवती जमलं.

"वांगी आणलीस काय रं एवढ्या लांबून?" नीराबाईनं एक फळ चाचपून विचारलं. नीराबाई अंबाजीची आई. नजर अधू झालेली, जीभ शाबूत.

"लोणीफळ हाय, आये. मोंबासाला मिळतं. आत लोण्यासारखा गर. सारंगाचा जीव हाय त्याच्यावर. रविवारी जेवायला येतोय, तवा हेच करायचं."

रविवारच्या त्या जेवणावर काय अवलंबून होतं ते रेवदंड्याजवळच्या त्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. माझगावला गावची एक खोली होती. बोटीवरून उतरलेले आणि पुढच्या बोटीची वाट बघणारे गावातले खलाशी तिथं राहत, आणि त्यांच्यासाठी रांधायला गावचीच एक बाई असे. पहिली बाई थकून घरी परतली होती. खोलीचा कारभारी तुळशीराम, बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग. त्याच्या मनात आलं होतं की अंबाजीच्या बायकोनं, राहीनं, बारा माणसांचं रांधावं आणि त्या बदल्यात गोणपाटाच्या पडद्यामागचा कोपरा नवराबायकोनं घ्यावा. फक्त तिच्या हाताची चव आधी बघायची होती.

मुंबईला जायचं म्हणून राही खूश होती, अंबाजी खूश होता. चंद्राबाई हिशेब करत होती.

चंद्राबाई थोरली सून. तिचा नवरा काळूराम बोटीसकट गेला त्याला सात वर्षं झाली. नवरा गेलेल्या बाईनं घरात निदान आपली गरज तरी उरवावी, हे तिला पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. तेव्हापासून या घरात मिठाचा खडासुद्धा तिला विचारून हलत असे. तीन वर्षांपूर्वी राही आली आणि चंद्राबाईला हाताखाली दोन हात मिळाले. विहिरीचं पाणी राहीनं आणायचं, बाजाराची टोपली राहीनं उचलायची, वाळूवरच्या वलांडीवर, म्हणजे खांबांना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील सुकत घालायचे तेही राहीनं. हात मंद चालला की चंद्राबाई ओल्या दोरीचा एक फटका तिच्या पोटरीवर देई. रागानं नव्हे. कामाला वेग यावा म्हणून. निदान ती स्वतःला तसं सांगे.

आता राही गेली तर तिची जागा कोण भरणार? उत्तर नीराबाईनं तपकिरीच्या चिमटीबरोबर देऊन टाकलं होतं. "शकू आता दहाची झाली. चार यत्ता लई झाल्या. बोंबील काय अक्षरं वाचून सुकतात?"

शकू चंद्राबाईची एकुलती एक. चौथीत पहिली. मास्तर स्वतः दारात येऊन सांगून गेले होते की पोरीला सातवी फायनलपर्यंत जाऊ द्या, मास्तरीण होईल. त्या दिवसापासून चंद्राबाईच्या डोक्यातल्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या त्या एका शब्दापाशी येऊन थांबत. शकू शाळेत राहायची तर राही वलांडीवर राहायला हवी. दुसरा हिशेब तिला सुचत नव्हता, आणि खरं म्हणजे तिनं शोधलाही नव्हता.

त्या घरात दोन रीती होत्या. दोन्ही चंद्राबाईच्या सोयीच्या. पहिली ही की थोरांच्या देखत नवरा बायकोशी सरळ बोलत नसे. काही सांगायचं तर वहिनीला सांगायचं, वहिनी पुढं पोचवील. रात्री पडवीत पाचजण ओळीनं झोपत. त्यात चार शब्द कुजबुजायची संधी मिळालीच, तर ती फळाच्या कृतीवर कोण उधळील? दुसरी रीत अशी की घरात आलेलं नवं फळ देव्हाऱ्यातल्या खंडोबाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावायचं नाही. रांधणारणीनंसुद्धा नाही.

शनिवारी राही विहिरीवर असताना अंबाजीनं वहिनीला कृती सांगितली. "पिकून मऊ झालं की गर काढायचा. कांदा, मिरची, लिंबू, मीठ घालून हातानं कुसकरायचं, बस. पण वयनी, जाळ न्हाय दाखवायचा. बोटीवर एकदा भंडाऱ्यानं, आमच्या रांधप्यानं, शिजवलं नि कडू जहर झालं. तिला नीट सांग."

"सांगते की," चंद्राबाई म्हणाली.

फळं पेंढ्यात घालून मऊ झालीच होती. संध्याकाळी तिनं त्यातली चार राहीच्या पुढ्यात ठेवली.

"दोन कुठं गेली, जाऊबाई?"

"सडली. टाकली. आता ऐक. हिरव्या रंगाची वस्तू म्हणजे भाजीच समज. लसणीची फोडणी दे, वर ओलं खोबरं घाल, आणि झाकण ठेवून चांगलं रटरटू दे. सारंग बोटीवरचा माणूस हाय, कच्चं वाढलं तर थुंकेल."

"जाळ बारीक ठेवू का मोठा?"

"मोठा."

राहीनं मान हलवली. तीन वर्षांत तिला मान हलवायची चांगली सवय झाली होती.

रविवारी सकाळी राही चुलीपाशी बसली आणि चंद्राबाई मागच्या पडवीत. सारंगाला राही नापसंत व्हावी, पण घर नापसंत होऊ नये. कारण अंबाजीची पुढची बोट सारंगाच्या शब्दावर होती आणि अंबाजीच्या बोटीवर घराची चूल. म्हणून तिनं ती 'सडलेली' दोन फळं तांदळाच्या डब्यातून काढली. गर कुसकरला. दार लोटलंय की नाही ते पाहिलं, आणि खंडोबाच्या आधी चाखला.

फळाला चव अशी नव्हतीच. सावकाराच्या पोरासारखं ते फळ, गुळगुळीत आणि निर्गुण. अंबाजीनं सांगितलेलं सगळं घातलं तरी जीभ कशाची तरी वाट बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यातला पिकलेला रायवळ आंबा घेतला, त्याच्या बारीक फोडी केल्या आणि अर्ध्या वरून पेरल्या, अर्ध्या आत मुरवल्या. पुन्हा चाखलं. मिरची आधी चटकली, मग लिंबू आलं, मग आंब्यानं येऊन भांडण मिटवलं. चंद्राबाई एकटीच हसली. मग वाडग्यावर केळीचं पान झाकून तिनं तो फडताळात ठेवला.

दुपारी तुळशीराम सारंग आला. माणूस आडवा, मिश्या पांढऱ्या, बोलणं हुकूम सोडल्यासारखं. देवाला नैवेद्य दाखवून झाला, पानं वाढली गेली. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि राहीनं वाढलेली ती हिरवट-करडी भाजी.

सारंगानं पहिला घास भाजीचाच घेतला. चावायचा थांबला. मग भाकरीच्या तुकड्यावर सगळं काढून पानाच्या कडेला ठेवलं.

"अंबाजी, ही कुणी केली?"

अंबाजीनं चाखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वयनी, तुला सांगितलं होतं ना, जाळ दाखवायचा न्हाय?"

"मी सांगितलं होतं, भावजी," चंद्राबाई हळू आवाजात म्हणाली. हळू आवाज खोटेपणाला शोभून दिसतो. "दोनदा सांगितलं. हिच्या ध्यानात राहतच न्हाय, त्याला मी काय करू?"

राहीनं मान वर केली. एवढ्यांच्या देखत थोरल्या जावेला खोटं पाडायचं तर त्यासाठी या घरात जन्म घ्यायला हवा होता. तिनं मान पुन्हा खाली घातली.

"म्हशीला तरी ध्यानात राहतं," अंबाजी राहीकडं बघून म्हणाला. बायकोशी सरळ बोलायचं नाही ही रीत त्यानं त्या एका वाक्यापुरती मोडली. नीराबाईनं त्यावर चिमूटभर तपकीर ओढली, जणू पानातलं मीठच बरोबर झालं.

चंद्राबाई उठली. "पाहुण्यांचं तोंड कडू करून कसं पाठवायचं? थोडं मी करून ठेवलं होतं, अडीनडीला." तिनं वाडगा आणून सारंगाच्या पानावर वाढलं.

सारंगानं भाकरीनं उचललं. खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा वाडगाच ओढून घेतला. वाडगा पुसून कोरडा केल्यावर तो म्हणाला, "आंबा कुणी घालायला सांगितला?"

"कुणी न्हाय. मलाच सुचलं."

"मोंबासावाल्यांना न्हाय सुचलं ते." सारंगानं मिश्यांवरून हात फिरवला. "नीराबाय, ही बाई मला दे."

चंद्राबाईला वाटलं, सारंग गंमत करतोय. ती हसलीसुद्धा.

"अंबाजीची बायको राहू दे इथंच," सारंग बोलत होता. "तिच्या हातचं खाऊन माझे खलाशी दर्यात उड्या घेतील. ही विधवा बाई, रांधणारी, निर्धास्त. पडद्यामागचा कोपरा एकटीला पुरतो. नवराबायको ठेवायचं म्हणजे उगाच दोघांची जागा."

"घरचं काम कोण बघील?" चंद्राबाईच्या तोंडून निघालं. "आत्याबाय, तुमची नजर ही अशी. एवढा पसारा..."

"पसाऱ्याला राही हाय की," नीराबाई म्हणाली. तिला उत्तराला पळभरही लागलं नाही. "आणि रांडावलेल्या बाईचं काय अडतंय घरात? ना कुणाचं अंथरूण घालायचं, ना पाळणा हलवायचा. मुंबईला चार माणसांच्या उपयोगी तरी पडशील. अंबाजीला सारंग बोट देईल, व्हय का न्हाय?"

"व्हय," सारंग म्हणाला.

"झालं तर."

"माझी शकू?"

"बारा पुरुषांत पोर ठेवायची न्हाय. खोलीचा नियम हाय," सारंग म्हणाला आणि हात धुवायला उठला.

"शकूला इथं काय वाघ खातोय?" नीराबाई म्हणाली. "तिला काकी हाय."

गुरुवारची लाँच ठरली. पाहुणा गेला. राही मागल्या दारी राखेनं टोप घासत बसली होती. भाजी तळाला जळून चिकटली होती, नि नखांनी खरवडली तरी निघत नव्हती. चंद्राबाई तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली. तीन वर्षांत ती राहीशेजारी कधी बसली नव्हती.

"दे इकडं. मी घासते."

"राहू दे, जाऊबाई."

"राही, माझं एक ऐक. शकूला शाळेतून काढू नको. तीनच वर्षं. आत्याबायला तू समजाव. तुझा शब्द आता चालेल घरात."

राही टोप घासत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "सडली म्हणालात ती दोन ना? आंबा घातलेली?"

चंद्राबाईनं टोपाची कड धरली.

"मी विचारलं होतं, जाळ बारीक का मोठा. तवा तरी बारीक म्हणायचं होतं. एवढी तरी दया करायची होती."

"चुकलं माझं. पाया पडते तुझ्या."

"पाया कशाला पडता? तुम्ही थोरल्या." राहीनं टोप उपडा घातला, हात झटकले. "मी काय बोलणार आत्याबायपुढं? मला कुठं काय समजतं? माझ्या काही ध्यानात राहत न्हाय, तुम्हीच सांगितलंत की सगळ्यांना." आणि तिथूनच तिनं हाक मारली, "शकू! ये गो बाय, बाहेर ये. बोंबील पडलेत सकाळपासून."

शकू धावत आली. काका आल्यापासून रोज सणच असल्यासारखी ती नाचत होती. "काय काकी?"

"तुझी आये तुला वलांडीचं काम दाखवील. चार दिवस हाय ती. शिकून घे."

उन्हं कलत होती. वाळूवर चंद्राबाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून पोरीच्या दोन्ही अंगठ्यांना बांधला. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा, म्हणजे जोडी दोरीवर बसते आणि वाऱ्यानं पडत नाही. पोरीनं पहिली जोडी करायला दहा मोजेपर्यंत वेळ लावला.

"दात लागतात गो आये."

"लागतात. अंगठा आत घालू नको. बाजूनं दाब."

दुसरी जोडी सुटून वाळूत पडली. चंद्राबाईनं ती उचलून झटकली. चार दिवसांत या हातांना वेग यायला हवा होता. वेग आला नाही तर काकी काय करील, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ओली दोरी वलांडीच्या खांबाला कुठं टांगलेली असते, ते राहीला तिनंच दाखवलं होतं.

"बोटं दुखतात," शकू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

चंद्राबाईनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

"पुन्हा," ती म्हणाली. "पटकन."