आधी व्हिसा, मग पोट

चारुदत्तला कॅन्सरची भीती वाटली नाही असं नाही. पण व्हायरसची जास्त वाटली. माणसाचं डोकं कुठे अडकेल, काही सांगता येत नाही.

२००९ संपत आलं होतं. मंदीनं दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबवल्या होत्या आणि त्याच्या बांधकाम कंपनीतली निम्मी टेबलं रिकामी झाली होती. त्याची नोकरी टिकली होती, म्हणजे आजपुरती. फेब्रुवारीत व्हिसा रिन्यू व्हायचा होता, बायकोमुलीचा मुक्कामही त्याच व्हिसावर होता, मार्चमध्ये लेकीची, आभाची, दहावी. शौचातून रक्त पडायचं, ते तो मूळव्याध समजून इसबगोलावर निभावून नेत होता.

अशात एका शुक्रवारी पेपरच्या आरोग्याच्या पानावर त्यानं वाचलं : आतड्याच्या कॅन्सरमागे एखादा व्हायरस असू शकतो, असा काही शास्त्रज्ञांना संशय आहे. ‘असू शकतो’ आणि ‘संशय’ त्यानं गिळून टाकले. व्हायरस तेवढा घशात अडकला. व्हिसा म्हणजे मेडिकल, मेडिकल म्हणजे रक्त आणि छातीचा फोटो. ऑफिसातल्या खैरुद्दीनच्या फोटोत टीबीचा डाग निघाला आणि बिचारा बघता बघता सामान बांधून गावी गेला. आता आपण डॉक्टरकडे जायचं, त्यानं व्हायरस शोधायचा आणि वर कळवायचं? म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा. आधी व्हिसा, मग पोट, असं त्यानं ठरवलं. बायकोला, सुचित्राला, चकार शब्द सांगितला नाही. वेडा माणूस! पण वेडेपणा बायकोमुलीसाठीच होता, त्यामुळे त्याचा धड रागही येत नाही.

जानेवारीत एका सकाळी तो फ्लश करायला विसरला.

“मम्मा, देअर्ज ब्लड इन द टॉयलेट!” आभा किंचाळली.

सुचित्रा धावत आली. “अहो, हे कधीपासून?”

“मूळव्याध आहे गं. फेब्रुवारीनंतर दाखवतो, इन्शाल्ला.”

“फेब्रुवारी-बिब्रुवारी खलास! आत्ता उठा.”

अल नहदा भागातल्या डॉक्टर सत्यभामा नायर यांनी त्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कॅन्सर है. ऑपरेशन जल्दी करना पडेगा.”

सुचित्रानं टेबलाची कड घट्ट धरली. चारुदत्त पुढे झुकला.

“डॉक्टर, व्हायरस तो नहीं है ना?”

“व्हायरस?”

मग त्यानं सगळं सांगितलं : पेपर, व्हिसा, खैरुद्दीन. डॉक्टर ऐकत राहिल्या.

“वो तो अभी रिसर्च है, पक्का कुछ नहीं. व्हिसावाले वो टेस्ट करते ही नहीं. आप इसके लिए रुके थे? इतने दिन?”

चारुदत्तच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं आणि चेहरा खुलला होता.

“वाचलो गं,” तो सुचित्राला म्हणाला, “व्हिसा जात नाही.”

सुचित्राला रडू फुटलं. वाचाल, असं डॉक्टर अजून म्हणाल्या नव्हत्या.