मसुराच्या तळाशी

रेमोंमामा जेवायला आला की वाढायचा डाव स्वतःच्या हातात घ्यायचा, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बहीण एदविज एरवी कुणाला आपल्या भांड्याला हात लावू देत नसे. पण थोरल्या भावापुढे तिचं काही चालत नसे आणि त्या रविवारी तर ती भाजलेली कोंबडी ओव्हनमधून काढण्यात गुंतली होती. मामानं ओतीव लोखंडाचं भांडं टेबलावर ओढलं, झाकण काढलं, डाव थेट तळापर्यंत घातला आणि पहिलं वाढप पाहुण्या पोरीच्या ताटात टाकलं.

हिरव्या मसुरातून बोटभर लांबीचा, कातडीसकट चरबीचा एक तुकडा लारासच्या ताटात घरंगळला.

"अरे वा, या वेळी एक राहिला की!" मामा खुशीत म्हणाला. "एदविज, म्हातारी झालीस. आता तुला नीट वेचताही येत नाही."

मामा मनाचा वाईट नव्हता, नुसता तोंडाचा सैल होता. एदविजची मुलगी कापुसिन त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती आणि तो पावाचा तुकडा मोडत आपल्याच विनोदावर हसत होता. एदविज कोंबडीचा ट्रे घेऊन दारातच थबकली. लारासनं आधी तुकड्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे. "या वेळी" हे दोन शब्द तिला बरोबर लागले. तिच्या फ्रेंचला आता कुणी नावं ठेवत नव्हतं.

ती सातासमुद्रापलीकडच्या मलांगहून वर्षभराच्या शिक्षणासाठी ल प्युई या फ्रेंच गावी आली, तेव्हा तिला हॉस्टेलची खोलीही मिळत होती. एदविजकडे राहायचं की नाही, हे ठरवण्याआधी तिनं एकच गोष्ट सांगितली होती: मी डुक्कर खात नाही, त्याची चरबीही नाही, बाकी काहीही वाढा, ते वास मारणारं चीजसुद्धा खाईन. एदविजनं छातीवर हात ठेवला होता. "पोरी, माझ्या घरात तू निर्धास्त राहा. तुझं मी बघते." तेवढ्या शब्दावर लारासनं हॉस्टेल सोडलं.

एदविजनं आपल्या परीनं जिवाचं रान केलं, हेही खरं. पण त्या मुलखात मसूर चरबीशिवाय शिजवायचा म्हणजे आजाऱ्याचं जेवण. पहिले काही आठवडे लारास ताटात नुसतं चिवडायची. वाळली, गालफडं दिसायला लागली. एदविजची झोप उडाली. मग थंडी पडायला लागली तशी एका रविवारी मसुराला अशी काही चव आली, की लारासनं आपण होऊन ताट पुढे केलं. एदविजच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेव्हापासून रविवारी मसूर ठरलेलाच.

लारासनं कृतीसुद्धा विचारून घेतली होती. गाजर, कांदा, लवंग, तमालपत्र, मंद आच, एवढंच एदविजनं सांगितलं. लारासच्या आईनं मलांगला तसा मसूर करून पाहिला. काही केल्या तशी चव येईना. लारासनं ते सांगितलं तेव्हा एदविज हसून म्हणाली होती, "तिकडचं पाणी वेगळं असणार."

ते पाणी आता लारासला आठवलं. भूल तिला माफ करता आली असती. चरबी घालायची, शिजल्यावर पोर जेवायला यायच्या आत वेचून काढायची, वर भांडं पुसून टेबलावर ठेवायचं, याला भूल कोण म्हणेल?

"मांस नव्हतंच गं त्यात," एदविज ट्रे खाली ठेवत म्हणाली. "मी सगळं काढून टाकायची. उरतो तो नुसता मसूर. तू खात नव्हतीस, मी काय करणार होते? परक्याची मुलगी माझ्या घरात उपाशी मरू देऊ?"

"मला विचारायचं होतं," लारास म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

एदविजला यात काही वावगं वाटत नव्हतं, हेच लारासला जास्त झोंबलं. ती उठून खोलीत गेली.

थोड्या वेळानं कापुसिन आली. खोली दोघींची होती. लारासला घरची आठवण येऊन रडू फुटलं की हीच तिच्या पलंगावर येऊन बसायची. रमजानात हिनं हौसेनं तिच्याबरोबर एक रोजाही धरला होता आणि संध्याकाळी दोघींनी तो गरम मसुरानंच सोडला होता.

"त्या दिवशीसुद्धा?" लारासनं विचारलं.

कापुसिन खाली बघत म्हणाली, "मी ममाँला म्हटलं होतं, निदान आज तरी नको."

"मग?"

"ती म्हणाली, आज तर पोर दिवसभर उपाशी आहे."

"आणि तू माझ्या शेजारी बसून खाल्लंस."

"तू इतकी खूश होतीस," कापुसिन म्हणाली. "तुझा तो आनंद मी कसा मोडणार होते?"

लारासनं तिला खोलीबाहेर जायला सांगितलं. एदविजचं एक वेळ समजून घेता आलं असतं, ती वेगळ्या वळणाची बाई. पण या पोरीला तिनं सगळं सांगितलं होतं: देव, भीती, घर, सगळं. कुणालाच न सांगितलेलं सांगितलं होतं. ती पोर दर रविवारी समोर बसून तिला चवीनं जेवताना बघत राहिली. लारास उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडली.

सोमवारी एदविजनं बाजारातून कोरं पातेलं आणलं. लारासला स्वयंपाकघरात बोलावून तिच्या डोळ्यांदेखत बटाटे उकडले, वर लोणी घातलं, मीठ घातलं. प्रत्येक वस्तू हातात धरून दाखवली. माफी मागणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. दोन ताटं घेऊन ती समोर बसली.

लारासला भूक होती. राग धरून बसायचा तिलाही कंटाळा आला होता. तिनं काटा उचलला, बटाट्याची फोड तोंडाजवळ नेली, पण हात मध्येच थांबला आणि तिनं ती फोड हुंगली. वास नुसत्या लोण्याचा होता. तरी तिला तो खरा वाटेना. ती पुन्हा हुंगून बघायला लागली.

एदविजनं ते पाहिलं. ती मान खाली घालून आपल्या ताटातल्या बटाट्याचे उगाचच बारीक बारीक तुकडे करत राहिली.