शेवटचं छप्पर

गावात एखादी वस्तू वाकडी झाली की लोक तिला ‘फादरांचा खिळा’ म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी सायकलला ट्रंक बांधून फादर आले. त्यांनी गावकऱ्यांबरोबर विहिरी खणल्या, दगड फोडले, घरं उभी केली आणि प्रत्येक घरात निदान चार खिळे वाकडे ठोकले. संध्याकाळी सुतार ते गुपचूप उपटून पुन्हा सरळ ठोकी. कामाची वाटणी अशी छान बसून गेली होती.

दरवर्षी मिशनकडून एका घरापुरते पत्रे येत. पहिल्याच सभेत फादरांनी नियम करून टाकला होता : नव्या जोडप्याचं घर आधी, मग ज्याचं जास्त गळतं त्याचं, आणि सगळ्यात शेवटी माझं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं लग्नं करतात, त्यांना मुलं होतात आणि मग ती मुलंही लग्नं करतात, एवढी बाब त्या ब्रह्मचारी माणसाच्या हिशोबातून निसटली. एकोणीस घरांची छत्तीस झाली. फादर खाटेच्या उशाला छत्री बांधून झोपत राहिले.

एकदा ते शहरात दवाखान्यात होते, तेव्हा बिशपांनी खास पाठवलेले पत्रे सुताराने त्यांच्या घरावर चढवले. फादरांनी परत येऊन ते स्वतः उतरवले आणि पलीकडच्या विधवेच्या घरावर नेऊन टाकले. उतरवायला दोन दिवस लागले, कारण खिळे सुताराचे होते.

या वर्षी मात्र त्यांची छाती कफाने फारच भरली. बिशपांचं पत्र आलं. पावसाळ्याआधी डोक्यावर न गळणारं छप्पर हवं, नाहीतर शहरातल्या वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात यावं. फादरांनी पत्र शांतपणे वाचलं आणि ट्रंकेवरची धूळ झटकली. ते सुताराने पाहिलं. फादर नसलेलं गाव त्याने फक्त पोरवयात पाहिलं होतं आणि ते त्याला मुळीच आवडलं नव्हतं.

त्यात यंदाचे पत्रे त्याच्याच मुलीच्या वाट्याचे. तिचं लग्न महिन्यावर आलेलं. पोरगी वर्षभर सासूकडे काढेल, पत्रे तुम्ही घ्या, म्हणून त्याने हातापाया पडून पाहिलं.

“नियम माझा नाही रे, सभेचा आहे,” फादर म्हणाले. नियम कुणाचा होता हे सांगू शकणारे निम्मे लोक आता दफनभूमीत होते.

जेवताना सुताराचं ताटाकडे लक्ष नव्हतं. मुलगी बराच वेळ बघत होती.

“बाबा, फादरांनी कधी कुणाला नाही म्हटलंय?”

“छपराला.”

“पत्र्याला नाही म्हणतात. माणसाला म्हटलंय?”

दुसऱ्या दिवशी ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन फादरांकडे गेली. आमचं घर अजून उभं नाही, सासूच्या दोन खोल्यांत सात माणसं, आम्हाला तुमची मागची खोली मिळेल का, तिथली औषधांची खोकी आम्ही नीट लावून ठेवू, असं ती इतक्या गरीब चेहऱ्याने बोलली की नवऱ्यालाही तिची दया आली. फादर हरखले. आजच या म्हणाले. लग्न व्हायचंय याची आठवण त्यांना करून द्यावी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुताराने फादरांच्या भिंतीला शिडी लावली.

“हे काय?”

“नव्या जोडप्याचं घर, फादर. आधी.”

फादरांनी शिडीच्या पायऱ्या मोजल्यासारख्या पाहिल्या. मग म्हणाले, “मागच्या खोलीपुरतंच.”

“आढं, म्हणजे वरचं मोठं लाकूड, एकच आहे आणि तेही कुजलंय. ते बदलायचं तर सगळं छप्पर उतरवावं लागतं. आढ्याला मधली भिंत कळत नाही.”

आढ्याबद्दल फादरांना काही ठाऊक नव्हतं, हे सुताराला पक्कं ठाऊक होतं.

काम सहा दिवस चाललं. फादर खालून पत्रे देत होते आणि चेहरा असा, की कुणीतरी त्यांच्याच घरात चोरी करतंय आणि ते मदत करतायत. शेवटी त्यांनी बिशपांना कळवलं की आपण एका तरुण कुटुंबाच्या आश्रयाला आहोत आणि छप्पर त्यांचं आहे.

शनिवारी सुतार चर्चमध्ये पापनिवेदनाच्या जाळीसमोर गुडघे टेकून बसला; पलीकडे फादर होते.

“फादर, मी एका लाकडाबद्दल खोटं बोललो.”

“कोणत्या?”

“आढ्याच्या. अर्धंच बदललं असतं तरी चाललं असतं.”

पलीकडून विचारणा झाली, “पश्चात्ताप होतोय?”

सुताराने प्रामाणिकपणे आत शोधलं. माणूस हरवलेली किल्ली सगळ्या खिशांतून शोधतो, तसं.

“नाही, फादर.”

“मग क्षमा देता येत नाही. झाला की ये.”

“कधी होईल सांगता येत नाही. पाऊस कसा पडतो त्यावर आहे.”

जाळीपलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. सुतार दचकला, कान लावून ऐकत राहिला. खोकला नव्हता तो, दाबलेलं हसू होतं.