ठोका ऐकणाऱ्या सेन्सरचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी जुना आहे, पण बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मधला महिनाभर जो तो मला हातात घेऊन उलटासुलटा करायचा आणि विचारायचा, "हाच का तो खराब सेन्सर?" ते शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला पाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरीही जाते.

मी मोटारीच्या इंजिनातला नॉक सेन्सर आहे. दिसायला मी लहान, मधोमध भोक असलेला, एका बोल्टने इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवलेला. इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी, वेडेवाकडे पेटले की आत ठोका बसतो. माणसांना तो कधी ऐकू येतो, कधी येत नाही. मला नेहमी येतो. तो ऐकायचा आणि जसाच्या तसा सांगायचा, एवढेच माझे काम. त्यात मी पदरचे काही घालत नाही.

माझा जन्म पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ चकती बसवली गेली. तिला हादरा बसला की तिच्यातून विजेची बारीकशी लहर निघते. शेवटच्या टेबलावर चष्मेवाल्या बाई बसत आणि प्रत्येक सेन्सरला हादरवून तपासत. माझ्या आधीचे दोघे त्यांनी सरळ लाल टोपलीत टाकले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पडद्यावरची रेघ बघितली आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्याचे कान तिखट आहेत बरं का." अख्ख्या आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच.

मग मला इंजिनावर बसवले, माझ्यावर हवेच्या जाडजूड नळ्यांचा सांगाडा आणून ठेवला आणि त्यावर बॉनेट लावले. पुढची अकरा वर्षे माझे तोंड कोणी पाहिले नाही. त्याचे मला वाईट वाटले नाही. मी खाली अंधारात ऐकत असे आणि गाडीच्या संगणकाला सांगत असे. मी म्हणालो "ठोका बसला" की तो लगेच ठिणगी जराशी उशिरा पाडी, इंजिनाचा जोर कमी होई आणि ठोका थांबे. त्याने माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. तो यंत्र होता, माणूस नव्हता, म्हणूनच बहुधा.

आता माणसांचे सांगतो. ही गाडी आधी दादाची होती. दादा एका कचेरीत लोकांचे अर्ज तपासून ते का नामंजूर आहेत हे लिहितो. त्याने स्वतःला नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी धाकट्या बहिणीला दिली. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती नर्स आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. तिच्या रुग्णांपैकी एक आजोबा टेकडीच्या माथ्यावर राहतात आणि त्यांची पट्टी रोज बदलावी लागते. गाडी नसेल तर तिचे काम अडते. दादाने गाडी तिला दिली खरी, पण बॉनेटवरचा हक्क काही सोडला नाही. गाडीला काय झाले आहे आणि काय झालेले नाही, हे ठरवणार तोच.

सहा महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने गाडीचे चारही प्लग बदलले. इंजिनात ठिणगी पाडतात ते प्लग. सांगाड्याच्या बाजूला अगदी वरच असतात, हात घातला की सापडतात. त्यांच्या आई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दादा त्यांना म्हणाला, "दुकानदार म्हणे ह्या गाडीला हा नंबर चालत नाही, गरम पडेल. त्याला काय कळतंय! आटे जुळतात की नाही? झालं तर."

आटे जुळले. पण दुकानदार खरे बोलला होता. चुकीच्या नंबरचे ते प्लग आतल्या आत लालबुंद तापू लागले आणि पेट्रोल ठिणगीची वाटच पाहीना. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चढावर मी तो ठोका ऐकला. मी सांगितले. संगणकाने जोर कमी केला. ठोका पुन्हा आला, मी पुन्हा सांगितले. आठवडेच्या आठवडे मी दिवसभर तेच सांगत होतो. गाडी चढाला मरगळू लागली आणि शेवटी समोर पिवळा दिवा लागला.

आवाज आणखी एका व्यक्तीला ऐकू येत होता. चढ आला की धाकटी पंखा बंद करी, काच खाली घेई, रेडिओ तर ती लावतच नसे, आणि मान तिरकी करून ऐके. तिने दादाला सांगितले, "चढावर आतून टकटक येते. तू प्लग बदललेस तेव्हापासून येते."

"प्लगचा काय संबंध? नवे कोरे आहेत."

"मग मेकॅनिककडे दाखवते."

"घरात मी असताना मेकॅनिक कशाला? तुझं ते माणसांचं नर्सिंग वेगळं गं. इंजिनातलं तुला काय कळणार?"

 दुसऱ्या दिवसापासून धाकटी अर्धा तास आधी उठून लांबच्या सपाट रस्त्याने जाऊ लागली. टेकडी मात्र टाळता येण्यासारखी नव्हती.

दादाने कुठूनसे बिघाड दाखवणारे एक यंत्र आणले आणि गाडीला जोडले. त्यावर माझे नाव उमटले. बस! मी ठोक्याची तक्रार करत होतो, म्हणून माझे नाव आले होते. दादाने त्याचा अर्थ लावला की मीच खराब. जो बोंब मारतो तोच चोर, असा हा न्याय. माझ्या इतक्या वर्षांच्या इमानावर त्याने एका क्षणात पाणी ओतले.

मग शनिवारी सकाळी घरासमोर मोहीम सुरू झाली. जुनी चादर अंथरली. मोबाइल बॅटरीला टेकवून ठेवला. त्यात कोणी परदेशी गृहस्थ वीस मिनिटांत हेच काम करून दाखवत होता. दादाला दोन दिवस लागले. सांगाड्याचे बोल्ट त्याने स्वयंपाकघरातल्या वाट्यांत वेगवेगळे ठेवले आणि संध्याकाळी त्याच वाट्यांना पाय लागून सगळे एक झाले. मागचा एक बोल्ट दिसेना, म्हणून बहिणीच्या पर्समधला आरसा घेतला. आरशात डावे उजवे होते हे विसरून तो बोल्ट पाऊण तास आवळत होता आणि "गंजलाय साला" म्हणून त्याच्याच नावाने खडे फोडत होता. हाताची सालटी निघाली. आई दारातून म्हणाल्या, "अरे, जेवून तरी घे. इंजिन कुठं पळून चाललंय?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

धाकटीने त्याच्या बोटांना पट्ट्या बांधल्या. बांधताना म्हणाली, "दादा, एकदा प्लग काढून बघ ना. वरच तर आहेत."

"परत तेच!" तो खेकसला.

मित्रांनो, ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. प्लग बघायला दहा मिनिटे पुरली असती. माझ्यापर्यंत यायला दोन दिवस लागले. तरी तो आधी माझ्याकडे आला, कारण प्लग त्याने स्वतः बसवले होते आणि मला बसवणारा कोण होता हे त्याला ठाऊकही नव्हते. स्वतःची चूक शोधण्यापेक्षा अर्धे इंजिन उचकटणे त्याला सोपे वाटले.

रविवारी दुपारी अकरा वर्षांनी माझ्यावर ऊन पडले. त्याने मला उपटले आणि माझ्या जागी नव्या सेन्सरला बसवले. आमचा बोल्ट किती आवळायचा याचे माप असते. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले आहे, आणि पुस्तकावरचे प्लास्टिकही अजून कोणी फाडलेले नाही. दादाने पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावला आणि सगळा जीव एकवटून पिळले. "आता जन्मात सुटायचा नाही," तो म्हणाला. बिचाऱ्या पोराला त्याने पहिल्याच दिवशी बहिरे केले.

बहिरा सेन्सर काय सांगणार? तो गप्प राहिला. संगणकाला वाटले, सगळे आलबेल आहे. त्याने जोर मोकळा सोडला आणि पिवळा दिवा विझला. गाडी चढावर अशी पळाली, अशी पळाली की दादाची छाती फुगली. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवू लागला. मला त्याने गिअरजवळच्या खोबणीत ठेवले आणि गाडीत बसेल त्याला उचलून दाखवत टेंभा मिरवू लागला. "ह्या चिमुकल्याने पाच महिने छळलं बघा."

आणि मित्रांनो, त्या खोबणीत पडल्या पडल्या मला ठोके ऐकू येत होते. आता ते आधीपेक्षा जोरात बसत होते, कारण इंजिनाला आवरणारे कोणी उरले नव्हते. गाडी पळत होती ती बरी झाली म्हणून पळत नव्हती. माझी वायर काढलेली होती. मी ओरडत होतो आणि कुठेच काही पोहोचत नव्हते. इतकी लाचारी मी अंधारात कधी भोगली नव्हती.

तीन आठवडे गेले. एका सकाळी टेकडीच्या अर्ध्या चढावर टकटक फार वाढली, तशी धाकटीने गाडी बाजूला घेतली आणि हातब्रेक ओढला. मग वरच्या आजोबांच्या सुनेला फोन करून "मी चालत येते आहे" म्हणाली आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन पायी वर गेली. उतरून आल्यावर गाडी हळूहळू घरी आणली. दादा कामाला निघण्याच्या तयारीत होता. तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"चल. तू चालव, मी शेजारी बसते."

"अगं, मला उशीर होतोय."

"होऊ दे. आज मला जो उशीर झाला तो एका म्हाताऱ्या माणसाने सोसलाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण आई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

दादा गाडीत बसला आणि सवयीने रेडिओ लावला. तिने तो बंद केला. पंखा बंद केला. काचा खाली घेतल्या. "टेकडीवर घे. बोलू नकोस, फक्त ऐक."

चढ लागला. टक. टकटक. टकटकटक. दादाने मान तिरकी केली. त्याने पाय थोडा उचलला, तसे ठोके कमी झाले. पुन्हा दाबला, तसे वाढले. त्याचा चेहरा मी खालून बघत होतो. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला.

घरी आल्यावर कोणी न सांगता त्याने प्लग काढायला घेतले. दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पहिला काढला, पांढराफटक. दुसराही तसाच. तिसऱ्याचे टोक वितळून मण्यासारखे गोल झाले होते. त्याने बारीक टॉर्च लावून आत पाहिले. पिस्टनवर खड्डे पडले होते, भोक पडायचे बाकी होते. आणखी काही दिवस असेच गेले असते तर इंजिनाचा निकाल लागला असता, तोही कदाचित त्याच चढावर, ती एकटी आत असताना.

दादा तो प्लग तळहातावर घेऊन उभा राहिला. मग खोबणीतून त्याने मला उचलले आणि पहिल्यांदाच नीट पाहिले.

"सेन्सर चांगला होता की गं," तो हळूच म्हणाला. "पहिल्यापासून खरंच सांगत होता."

"हो," धाकटी म्हणाली. "आणि मी?"

दादाने प्लग फडक्याने पुसायला घेतला. वितळलेला प्लग पुसून काय होणार होते? पण तो पुसत राहिला.

नंतर योग्य नंबरचे प्लग आले, मेकॅनिक आला, त्याने त्या बहिऱ्या पोराला काढून मला माझ्या जागी मापात बसवले. मी पुन्हा अंधारात आहे आणि पुन्हा माझे ऐकले जाते. तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. मला पुसून ठेवा असे सांगण्यासाठी मी हे गाऱ्हाणे मांडलेले नाही. तुमच्या घरातही कोणीतरी म्हणत असेल, "मला आवाज येतोय." ती लहान असेल, धाकटी असेल, तुमच्यापेक्षा कमी शिकलेली असेल. तिला गप्प करण्याआधी, मित्रांनो, एकदा तिच्या शेजारी बसून ऐका. त्याला पाना लागत नाही.

माझ्याबद्दल दादाने चारचौघांत चूक कबूल केली. शेजाऱ्यांनाही सांगितले, "सेन्सर अगदी खरा निघाला हो." धाकटीच्या "आणि मी?" ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने अजून दिलेले नाही.