पोटात घातलेलं

सासूबाईंचं पोट बिघडलं याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते सुनेचं पोट चांगलं निघालं याचं.

घराखालीच त्यांचं औषधांचं दुकान. सासरे गेल्यावर सासूबाईंनीच ते चालवलं, आता थोरला मुलगा बघतो, धाकटा त्याच्या हाताखाली. घरात कुणी शिंकलं की खालून अँटिबायोटिकची पट्टी वर यायची. घसा धरला, पट्टी. पाय मुरगळला तरी पट्टी. आजार अंगात मुरायच्या आधी त्याचं नरडं दाबायचं, असं सासूबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, आणि गिऱ्हाइकं त्यांना अर्धी डॉक्टर म्हणायची. डॉक्टर कसली, हात सैल सुटलेली बाई. तो हात फक्त थोरल्याच्या बायकोपाशी आखडायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती तापाने फणफणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माल घरच्यांसाठी असतो. हिचा ताप कामाने उतरेल." नवरा खाली खोकी लावत होता, तो लावतच राहिला.

ताटातही तीच तऱ्हा. सगळ्यांना मऊ, पांढरं, चाळलेलं. हिच्या वाट्याला देठं, सालं, कोंडा. वहिनी गुरासारखी रवंथ करते, असं दीर म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मग सासूबाईंना खोकला झाला. त्यांनी एक औषध संपवलं, दुसरं संपवलं, तिसऱ्याला जुलाब लागले. जुलाबांवर चौथं. आडवं करून दवाखान्यात न्यावं लागलं.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर बसवून समजावलं. आतड्यात जंतूंची वस्ती असते. ते अन्न पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत. तुमच्या गोळ्यांनी राखणदार मेले आणि एक गुंड तेवढा उरला, तो आता आतडं सोलतोय. थोरल्याने सांगितलं, मी चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल देतोय, सगळ्यांत महाग आहेत त्या. बाई म्हणाल्या, जळलेल्या रानावर चिमूटभर बी फेकून जंगल उगवत नाही. आता एकच उपाय. निरोगी माणसाचा मल घ्यायचा, तपासायचा, खाऱ्या पाण्यात कालवून गाळायचा आणि खालून नळीने यांच्या आतड्यात सोडायचा. वस्तीच्या वस्ती उचलून न्यायची.

धाकटा तोंडावर हात धरून बाहेर पळाला. थोरला म्हणाला, माझा घ्या. पोटचा पोरगा आहे मी. बाईंनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? त्याने छाती काढून सांगितलं, आमच्याकडे घरातल्या कुणाला त्याशिवाय ठेवतच नाही. बाईंनी त्याला तिथल्या तिथे बाद केलं. धाकटाही त्याच कारणाने गेला.

राहिली दाराशी पिशव्या धरून उभी असलेली सून. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. बाई निकाल बघून म्हणाल्या, असं पोट हल्ली दिसत नाही, काय खाता तुम्ही? सून म्हणाली, उरलेलं. कोंडा, देठं, सालं म्हणजे त्या जंतूंचंच जेवण, असं बाईंनी सांगितलं तेव्हा नवरा जमिनीवरच्या फरशा बघत होता.

बाहेर पॅसेजमध्ये त्याने तिचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा.

"आईचं काय असेल ते पोटात घाल गं."

"माझं त्यांच्या पोटात घालायचंय," ती म्हणाली, "उलटं सांगू नकोस."

आणि तिने दिलं. का दिलं म्हणून विचाराल, तर समोर माणूस मरत होतं म्हणून. लोकांना एवढं साधं कारण पटत नाही. तिची अट नव्हती काही. अट नवऱ्याची होती: आईला सांगायचं, माझंच आहे.

सासूबाई उठून बसल्या. भूक लागली, गालावर रंग आला, जीभ तर सगळ्यांत आधी बरी झाली. येईल त्याला सांगायच्या, लोकांच्या पोरांनी आईला रक्त दिलं असेल, माझ्या पोराने आतड्यातलं दिलं. नवरा मान डोलवायचा. हेही चाललं असतं. पण एका दुपारी सून ताट वाढत असताना त्या म्हणाल्या, "पोटचं ते पोटचं. तुझ्यावर वेळ आली असती तर मेले असते मी."

सुनेने ताट खाली ठेवलं.

"माझ्यावरच आली होती."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने नाही म्हणायला हवं होतं. तो नुसता घास फिरवत बसला, तेवढ्यावरून कळायचं ते कळलं.

त्या मोरीत गेल्या, घशात बोटं घातली. खालून गेलेलं वरून कसं निघणार? मग कठडा धरत जिना उतरल्या. कुठलं खोकं कुठे हे त्यांना डोळे मिटून ठाऊक. वर आल्या तेव्हा हातात सगळ्यांत जहाल गोळ्यांची पट्टी होती. थोरला म्हणाला, आई, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. घरी सोडताना बाईंनी खरंच बजावलं होतं, आता मला न विचारता अँटिबायोटिक घेतलंत तर लावलेलं सगळं मरेल, आणि तो गुंड परत येईल. सुनेनेही ते ऐकलं होतं.

"हिची घाण अंगात घेऊन जगू होय मी?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी आण गं."

सुनेने आणलं. सासूबाईंनी एक गोळी फोडली.

"दोन घ्या," सून म्हणाली. "माझी घाण एकीने नाही जायची."

त्यांनी दोन घेतल्या. रोज घेत गेल्या, आणि मुलाने पट्टी संपल्यावर दुसरी आणून दिली, कारण त्या घरात मागितलेली गोळी नाकारायची कुणाला सवयच नव्हती. पट्टी शिल्लक असतानाच जुलाब परत सुरू झाले.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला एकटीलाच आत बोलावलं. विचारलं, परत द्याल का? या वेळी उशीर झाला तर हाती काही लागणार नाही.

"देते की. त्यांना विचारा."

बाई खाटेपाशी गेल्या. सासूबाईंचे ओठ फुटले होते, चादर पुन्हा भिजली होती, पण शुद्ध पुरती होती. मुलगा पायाशी उभा राहून रडत होता, आई, हो म्हण, असं म्हणत होता. सून उशाशी होती. चादर बदलायची तिनेच, म्हणून ती घडी हातात घेऊन थांबली होती.

सासूबाईंनी एकदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.